रेवाकाठचे चांदोद : आठवण आणि इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या आमच्या इतिहासाच्या गुरुजींचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापले आहे. आम्ही मात्र त्यांना नावाने कधी ओळखले नाही. ‘गुरुजी’ एवढे म्हटले की पुरे होत असे. व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा ‘बडोद्याची मराठी वाङ्मयपरंपरा’ असा विषय मला सुचवण्यात आला होता. त्या विषयावर मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले आणि निवृत्तीनंतरही बोलत आलो. परंतु गुरुजींचे स्मरण झाले की माझ्या डोळ्यांपुढे वर्ग येत नाही, फळा येत नाही. येतो तो चांदोदचा घाट. म्हणून संयोजकांची अनुमती घेऊन मी आज एका गावाविषयी बोलणार आहे. ते आपल्या बडोद्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर काठावर आहे. तेथे आपण सर्वजण कधी ना कधी होडीत बसलो आहोत. आणि पुष्कळांनी आपल्या घरच्या माणसांच्या अस्थीही तेथेच नदीला दिल्या आहेत.

१

आमची सहल निघाली ती १९६१ च्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात. मी तेव्हा सहावीत होतो. द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन दीड वर्षच उलटले होते आणि आपण मराठी माणसे गुजरातेत राहिलो म्हणजे नेमके कोठे राहिलो, याची चर्चा घराघरांत चालू असे. गोवा मुक्त झाल्याची वार्ता अगदी ताजी होती. प्रतापनगर स्थानकावर आम्ही सारे गोव्याच्याच गोष्टी करीत डब्यात शिरलो.

डबा कसला, डबीच ती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ती गाडी इतकी सावकाश जाई की वळणावर मुले खाली उतरून पुन्हा चढत, अशी तिची ख्याती होती. गुरुजींनी आम्हांला तसे करू दिले नाही. पण त्या गाडीचा इतिहास मात्र सांगितला. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, मियागाम ते डभोई हा सुमारे वीस मैलांचा मार्ग घालण्यात आला. भारतातील हा पहिला अरुंद रुळांचा मार्ग. प्रारंभी त्यावरचे डबे बैल ओढीत. पुढे इंजिने आणली, तर रूळ त्यांच्या वजनाला पुरेनात. १८७३ मध्ये ते रूळ बदलून भक्कम केले गेले. सर टी. माधवराव दिवाण असताना, १८७९ मध्ये, डभोईहून चांदोदपर्यंत फाटा निघाला. कापूस आणि धान्य यांच्यासाठी रेल्वे काढणारे राज्य एका तीर्थाच्या गावापर्यंत रूळ का नेते, असा प्रश्न गुरुजींनी आम्हांला विचारला होता. उत्तर त्यांनीच दिले : कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेच्या यात्रा. नदी माणसांना बोलावते, आणि माणसे जिथे जातात तिथे राज्याला जावे लागते.

डभोईला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात आम्ही हिरा भागोळ पाहून आलो. याच डभोईच्या परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची गाठ पडली, मराठ्यांनी मराठ्यांशी युद्ध केले, आणि दाभाडे धारातीर्थी पडले. “गायकवाडांचे गुजरातेतले भाग्य इथून उजळले,” असे गुरुजी म्हणाले, आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण ज्याचे भाग्य उजळते त्याच्या शेजारी कोणाचे तरी मावळलेले असते, तेही बघत जा.” हे वाक्य मला आज पुन्हा आठवणार आहे.

२

चांदोदचे पहिले दर्शन घडते ते गल्लीच्या टोकाशी. जुन्या धर्मशाळांच्या आणि देवळांच्या मधून उतरत जाणारी अरुंद वाट एकाएकी संपते आणि पुढे पायऱ्याच पायऱ्या, त्यांच्या तळाशी नर्मदा. मल्हारराव गायकवाडांच्या नावाने ओळखला जाणारा तो घाट उंच आहे. डोंगरातून उतरून आलेली नदी येथे रुंदावते. थोड्या अंतरावर ओरसंग तिला मिळते. गुप्त सरस्वती मिळाली की त्रिवेणी पुरी होते, म्हणून चांदोदला दक्षिणप्रयाग म्हणतात. ओरसंगेच्या पलीकडच्या अंगाला करनाळी, तेथे कुबेरेश्वराचे देऊळ. समोरच्या दक्षिण तीरावर, पूर्वीच्या राजपिपळा संस्थानाच्या हद्दीत, पोइचा.

आम्ही बत्तीस मुले होतो. होडीवाल्या काकांनी आम्हांला उभे केले, एकेकाकडे नजर टाकली आणि दोन होड्यांत वाटणी केली. मोठी मुले मध्यभागी, लहान कडेला, आणि कोणीही उभे राहायचे नाही. शेवटी दोघे उरले. गुरुजी म्हणाले, “बसवून घ्या, दोघांनी काय होते?” काकांनी मान हलवली. गुजरातीत मराठी मिसळून ते म्हणाले, “गुरुजी, पोरं दुसऱ्या फेरीला येतील. नदी कुठे जात नाही.” गुरुजी स्वतः त्या दोघांबरोबर पायरीवर बसून राहिले. ज्याच्यापुढे आख्खी शाळा कापे त्या माणसाला एका नावाड्याने नकार दिला आणि त्याने तो ऐकला, हे दृश्य आम्हांला नवे होते.

पुढले दोन तास म्हणजे माझ्या बालपणातला सर्वांत मोठा उत्सव. वल्ह्यांचा आवाज, मधूनच काकांचे ‘नर्मदे हर’, आणि आम्हा सर्वांचा प्रतिसाद. पाण्यावर कोठे बारीक सुरकुत्या पडल्या आहेत ते दाखवून काका सांगत, तिथे खाली खडक आहे. जिथे पाणी तेलासारखे गुळगुळीत दिसते तिथे खोल डोह. वारा पश्चिमेकडून आला की शीड कधी सोडायचे, संगमापाशी दोन पाण्यांच्या ओढीत होडीचे तोंड कोणीकडे धरायचे, हे सारे त्यांच्या हातांना ठाऊक होते. संगमाच्या वाळवंटात आम्ही डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि गूळपापडी. काठाकाठाने काही परिक्रमावासी चालले होते. आम्ही त्यांना होडीत बोलावले, तर ते हसले. परिक्रमा करणारा मध्ये नर्मदा ओलांडत नाही; मुखापाशी समुद्रातून जातो तेवढीच त्याची नावेची वाट, हे त्या दिवशी कळले.

परतल्यावर गुरुजींनी आम्हांला एक विचित्र काम दिले. “घाटाच्या कोरड्या पायऱ्या मोजा आणि वहीत लिहा. मग देवळातल्या पुजाऱ्यांना, दुकानदारांना, होडीवाल्यांना विचारा की आषाढ-श्रावणात पाणी कोठवर येते, वैशाखात कोठवर उतरते, आणि त्यांच्या आजोबांच्या वेळी कोठवर आले होते.” आम्ही कुरकुरलो. ते म्हणाले, “हा घाट म्हणजे नदीचा दप्तरखाना आहे. राजांचे कागद बडोद्याच्या दफ्तरात मिळतील. नदीचे कागद इथे आहेत.”

मग त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवले. त्याच वर्षी, ५ एप्रिल १९६१ रोजी, पंडित नेहरूंनी केवडियाजवळ नर्मदेच्या धरणाची कोनशिला बसवली होती. गुरुजींच्या स्वरात अभिमान होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. होडीवाले काका दोर गुंडाळीत उभे होते. त्यांनीही कदाचित ऐकले असेल; मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही.

३

येथे थोडा वेळ आठवण बाजूला ठेवून इतिहासाकडे वळतो. कारण चांदोद हे केवळ आपल्या सहलीचे गाव नव्हे.

गुजरातीतले थोर कवी दयाराम यांचा जन्म १७७७ मध्ये येथेच झाला. स्वामी दयानंदांनी संन्यासदीक्षा घेतली तीही चांदोदच्याच परिसरात. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या सेवेत होते. तेथे असताना ते बॅरिस्टर केशवराव देशपांड्यांसह येथल्या गंगनाथाच्या आश्रमात स्वामी ब्रह्मानंदांच्या दर्शनाला येत. त्या गंगनाथाच्या नावानेच केशवरावांनी राष्ट्रीय शिक्षणाचे एक विद्यालय उभे केले. पुढे ते बडोद्यास चालले. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे आचार्य म्हणून आले. त्या विद्यालयात शिक्षक आणि विद्यार्थी यांचे नाते कुटुंबासारखे असावे म्हणून शिक्षकांना ‘सर’ न म्हणता घरातल्या नात्यांची नावे दिली होती. कालेलकर ‘काका’ झाले ते तेथे, आणि विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले तेही तेथेच. इंग्रज सरकारच्या रोषामुळे ते विद्यालय बंद पडले. पण काका आणि मामा ही नावे त्या दोघांना जन्मभर चिकटली. पुढे काकासाहेबांनी भारतातल्या नद्यांवर ‘लोकमाता’ हे पुस्तक लिहिले. ज्या माणसाला त्याचे नाव रेवाकाठच्या एका देवळाच्या नावाने चाललेल्या शाळेत मिळाले, त्याने नद्यांना माता म्हणावे यात आश्चर्य ते काय?

चांदोदहून वर गेले की तिलकवाडा आणि त्यापुढे गरुडेश्वर. कोकणातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, १९१४ मध्ये तेथे समाधिस्थ झाले. खाली गेले की नारेश्वर, तेथे रंगावधूत महाराज. त्यांचे घराणेही मराठी. बडोद्याच्या मराठी घरांत दत्तजयंतीची पालखी जशी, तशीच नर्मदाकाठची वारी होती. तात्पर्य, हा काठ आपल्याला परका कधीच नव्हता. आपण तेथे पाहुणे होतो, पण नित्याचे पाहुणे होतो. आणि नित्याचा पाहुणा जसा घरच्यांच्या अडचणीकडे पाहीनासा होतो, तसे आपलेही झाले.

४

१९७० च्या सप्टेंबरात नर्मदेला महापूर आला. भरूचच्या जुन्या पुलापाशी पाणी एक्केचाळीस फुटांवर गेले होते. मी महाविद्यालयात शिकत होतो. पाणी ओसरल्यावर आम्ही काही विद्यार्थी धान्य आणि कपडे घेऊन चांदोदला गेलो. गल्ल्यांत गुडघाभर गाळ होता. मी त्या होडीवाल्या काकांना शोधून काढले. त्यांचे घर पडले होते, होडी मात्र शाबूत होती; पाणी चढू लागताच ती त्यांनी वरच्या गल्लीत एका दाराच्या खांबाला बांधली होती. त्या होडीतून त्यांनी शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना बाहेर काढले होते. मी विचारले, “कळले कसे एवढे पाणी येणार ते?” ते म्हणाले, “पाण्याचा रंग बदलला, लाकडे येऊ लागली, आणि वास आला. ती सांगूनच येते.”

हे मी काव्य म्हणून सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका नदीवर जगलेल्या माणसांजवळ तिच्या चढउताराचे एक शास्त्र असते. पाऊस कोठे पडला की पाणी किती दिवसांनी येते, पुराचा फेस आणि गाळ कसा असतो, मासा कधी वर चढतो, याच्या खुणा ते जाणतात. ते शास्त्र एका गृहीतावर उभे असते : नदी ऋतूंचे ऐकते. ते गृहीत ज्या दिवशी बदलते, त्या दिवशी ते सारे ज्ञान एका पिढीत निरुपयोगी होते. चांदोदच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि आज मला सांगायचे आहे ते एवढेच. पाणी कमी झाले हा त्याचा केवळ एक भाग आहे. पाण्याचे घड्याळ बदलले, हा मुख्य भाग.

५

धरणाची कथा आपणांस ठाऊक आहे. राज्याराज्यांच्या वादामुळे १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला. १९७९ च्या डिसेंबरात त्याचा अंतिम निवाडा झाला. त्यानुसार विजेचा ५७ टक्के वाटा मध्यप्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला मिळायचा होता. आंदोलने झाली, खटले झाले, १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरपर्यंत पोहोचली. २०१७ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटर उंचीच्या पूर्ण धरणाचे लोकार्पण झाले. वरच्या अंगाला शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिर बुडाले आणि त्याच्या जागी गोरा येथे नवे बांधले गेले. महाराष्ट्राच्या बाजूची मणिबेलीसारखी गावे पाण्याखाली गेली.

नव्वदीच्या सुमारास बडोद्यात या विषयावर सभांना ऊत आला होता. अशा एका सभेत मी धरणाच्या बाजूने बोललो. त्याचा मला आजही सरसकट पश्चात्ताप नाही. सौराष्ट्र आणि कच्छ यांतल्या दुष्काळी गावांतल्या मुली घागरी घेऊन कोसकोस चालताना मी स्वतः पाहिल्या होत्या. आज त्या भागांत नळाने नर्मदेचे पाणी पोहोचले आहे. त्याला जो क्षुद्र म्हणेल, त्याने तहान पाहिलेली नाही.

पण त्या सभेनंतर काही दिवसांनी मी चांदोदला गेलो होतो. काका वारले होते. त्यांचा मुलगा होडी चालवीत होता. वर्तमानपत्रात माझे नाव त्याने वाचले होते. वल्हे मारता मारता तो म्हणाला, “साहेब, पाणी तुमच्याकडे येईल. नदी आमच्याकडे राहील ना?” मी उत्तर दिले, “राहील तर! धरणाखाली पाणी सोडावेच लागते.” मी मराठीचा प्राध्यापक. मला त्या विषयातले कितीसे ठाऊक होते? तरी मी खात्रीच्या सुरात उत्तर दिले, कारण मी शिकलेला होतो आणि तो नव्हता. डभोईच्या वेशीजवळ गुरुजींनी सांगितलेले वाक्य त्या क्षणी मला आठवायला हवे होते. ते आठवले नाही.

पाणी सोडायचे ठरले होते, हे खरे. धरणाखालच्या नदीसाठी ६०० क्युसेक पाण्याची तरतूद होती. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. मुख्य कालव्याची मुखापाशी वहनक्षमता ४०,००० क्युसेक आहे. हा कालवा गुजरातच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटर जातो, आणि वाटेत आपल्या ओरसंगेलाही पुलावरून ओलांडतो. ज्या नदीला नर्मदा संगमात भेटते, तिच्याच डोक्यावरून नर्मदेचे पाणी उत्तरेला जाते. कालव्यात सदैव ४०,००० क्युसेक वाहते असे नव्हे. पण दोन आकड्यांमधले अंतर कोणती नदी आता मुख्य आहे ते सांगून जाते.

६

माझ्या पत्नीचे निधन २०१८ च्या उन्हाळ्यात झाले. त्या वर्षी धरणात साठा कमी होता, खाली पाणी जवळजवळ नव्हते, आणि भरूचच्या बाजूने समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढत असल्याच्या तक्रारी होत्या. अस्थी घेऊन आम्ही चांदोदला गेलो. होडी थोडी पुढे जाऊन वाळूत रुतली. संगमापर्यंतचे उरलेले अंतर मुलगा, मी आणि होडीवाला असे तिघे घोटाभर पाण्यातून चालत गेलो. काकांचा मुलगा आता वृद्ध झाला होता. त्याने मला हात दिला. नव्वदीतल्या त्या प्रश्नाची त्याने मला आठवण करून दिली नाही. ती मला करून द्यावी लागणार नाही, हे त्याला दिसत असावे.

गुरुजींनी लावलेल्या सवयीने परतताना मी पायऱ्या मोजू लागलो. घाट संपला तरी खाली मातीच होती. जेथे पायऱ्या संपतात त्याच्याही खाली नदी गेली होती. तिची नोंद करायला दप्तरखान्यात जागाच उरली नव्हती.

पुढील वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरात, धरण प्रथमच पूर्ण भरले, आणि त्यानंतर परिस्थिती पालटली, पण जुनी झाली नाही. आता नदी चढते ती दरवाजे उघडतात म्हणून, उतरते ती बंद होतात म्हणून. १७ सप्टेंबर २०२३ च्या सुमारास वरून प्रचंड आवक झाली आणि धरणातून १८ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले. चांदोद आणि करनाळी येथे घरांत, दुकानांत, देवळांत पाणी शिरले. पूर पूर्वीही येत. १९७० चा तर मी पाहिला आहे. पण या वेळी वृद्ध होडीवाला मला म्हणाला, “रंग बदलायला वेळच मिळाला नाही, साहेब. सूचना आली आणि मागोमाग पाणी आले.” ६००, ४०,००० आणि १८ लाख. एकाच नदीची ही तीन रूपे सहा वर्षांच्या आत पाहिलेल्या गावाने वल्हे कोणत्या हिशेबाने मारावे?

७

आणखीही बदल झाले. ओरसंगेची वाळू बांधकामासाठी इतकी उपसली गेली की पात्रात खोल खड्डे पडले. पाण्यावरच्या सुरकुत्या वाचून खडक ओळखणाऱ्यालाही तो खड्डा दिसत नाही. बाहेरून आलेला तरुण गुडघाभर पाणी समजून पाऊल टाकतो आणि बुडतो. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. वल्ह्यांच्या जागी डिझेलची इंजिने आली. समोर पोइच्याला पूल झाला, मोठे मंदिरसंकुल झाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडियाला सरदारांचा पुतळा उभा राहिला. मग आपली ती अडीच फुटी गाडी गेली. तिच्या जागी रुंद रूळ आले, ते केवडियापर्यंत वाढवले गेले, आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्यावरून गाड्या धावू लागल्या. ज्या फाट्याचे चांदोद हे शेवटचे स्थानक होते, त्याच फाट्यावर ते आता मधले स्थानक झाले आहे. नौकाविहाराची हौसही पुढे सरकली आहे. गरुडेश्वरच्या बंधाऱ्याने अडलेल्या स्थिर पाण्यावर, पुतळ्याच्या पायथ्याशी, मोठी नौका चालते. तेथे पाणी नेहमी तेवढेच असते.

पण केवळ हळहळून चालणार नाही. त्या काकांचा नातू आज केवडियाला पर्यटकांची बस चालवतो. मी त्याला भेटलो तेव्हा त्याच्या अंगावर गणवेश होता. होडी सोडल्याचे दुःख होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, “काका, महिन्याच्या महिन्याला पगार येतो. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. आजोबांना मोजके आणे मिळायचे, तुम्हांला मजा यायची.” यावर मला उत्तर सुचले नाही. आपण ज्याला रम्य म्हणून आठवतो त्यात त्या माणसाचे दारिद्र्यही मिसळलेले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट आपल्या आठवणीतून गाळता कामा नये.

आणखी एक गोष्ट बोलताना जीभ अडते. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरातल्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. मला एकसारखा दिसत होता तो १९६१ चा घाट, पायरीवर बसवलेली ती दोन मुले, आणि ‘दुसऱ्या फेरीला येतील’ असे म्हणणारा तो अशिक्षित माणूस. किती बसवायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते एका माणसाच्या नकारात होते, आणि तो नकार ऐकणारा दुसरा माणूस तेथे होता. त्या दोघांमधले ते नाते संपले की नियम कितीही छापा, होडी असुरक्षितच राहते.

८

अलीकडे चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेसाठी तिलकवाड्याच्या परिसरात लाखो लोक येतात. त्यांतले असंख्य महाराष्ट्रातून बसगाड्या करून येतात. रेवाकाठी पुन्हा मराठी ऐकू येते, पण ती आपली बडोद्याची मराठी नव्हे. ते येतात, चालतात, त्याच दिवशी परत जातात. त्यांची श्रद्धा मी नाकारीत नाही. मात्र साठ वर्षांपूर्वी या घाटाला जे ठाऊक होते, ते त्यांना कोण सांगणार? ते सांगण्याचे काम आपले आहे. कारण आपण येथले आहोत.

म्हणून गुरुजींच्या स्मृतीपुढे शाळेकडे माझे एक मागणे आहे. शाळेने एक वही घालावी. दरवर्षी एका वर्गाने चांदोदला जावे. होडीत बसायचे तर अंगात जीवरक्षक जाकीट घालून आणि नावाडी सांगेल तेवढ्यांनीच बसावे. मुलांनी मल्हारराव घाटाच्या कोरड्या पायऱ्या मोजाव्यात, तारीख लिहावी, धरणातून त्या दिवशी किती पाणी सुटत होते ते वर्तमानपत्रातून टिपावे, आणि घाटावरच्या एका वृद्ध माणसाला नदीच्या एका खुणेचे नाव विचारून लिहून घ्यावे. डोहांची, खडकांची, वाऱ्यांची नावे. ती माणसे आता थोडी उरली आहेत. माझी सहावीतली वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट, आणि गुरुजींनी लाल शाईने दिलेला शेरा असा आहे : ‘मोजणी ठीक. पण होडीवाल्यांना विचारले नाही.’

तो शेरा खरा होता. त्या दिवशी मी पायऱ्या मोजल्या, पुजाऱ्यांना विचारले, दुकानदारांना विचारले; दोर गुंडाळीत उभ्या असलेल्या त्या माणसाला मात्र विचारायचे राहून गेले. पुढे सभेतून बोलतानाही राहून गेले. आज माझ्या घरातल्या नळाचे पाणी मी पितो आणि माझ्या घरात दिवा लागतो, त्याची किंमत कोणी भरली ते शोधून काढणे हे माझे ऋण आहे. चांदोदच्या सात तीर्थांत एक ऋणमुक्तेश्वर आहे. तेथे हात जोडल्याने मी मुक्त होईन असे मला वाटत नाही. निदान हे ऋण कबूल करावे आणि पुढच्या पिढीच्या वहीत त्याची नोंद व्हावी, एवढ्यासाठीच आज हा विषय घेतला.

 नर्मदे हर.